रविवारची दाढी

फोनवर काय सांगायचं आणि काय नाही, याचा आमच्या ब्लड बँकेत नियम आहे. नियम मीच लिहिलाय, भिंतीवरचा तो कागद माझ्याच अक्षरातला. "आपण रक्तदान केलंत, त्याबद्दल थोडं बोलायचंय, सवडीनं येऊन जा." बस्स. रिपोर्टचं नाव काढायचं नाही, आजाराचं तर नाहीच. पलीकडे फोन कोण उचलेल सांगता येत नाही. मी नवी होते तेव्हा इथे एक मुलगी होती, तिनं एका माणसाच्या बायकोला फोनवरच सगळं सांगून टाकलं. त्या घरात जे रामायण झालं ते निस्तरायला तो बिचारा पाच वेळा आमच्याकडे खेटे घालत होता. तेव्हापासून मी कुणाची भीड ठेवत नाही.

आणि तो नियम मोडला कुणी, तर मीच. अख्खा नाही मोडला, अर्धा गिळला. पण गिळला तो गिळलाच.

मी सुचेता. भाईंदर पश्चिमेला, स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर आमची ब्लड बँक आहे. पहिला मजला, खाली चष्म्याचं दुकान. मी इथे समुपदेशक. शब्द मोठा आहे, काम एवढंच की माणसाला खुर्चीत बसवायचं, पाणी द्यायचं आणि वाईट बातमी नीट सांगायची. वय बावन्न. लग्न केलं नाही. का नाही केलं विचारणाऱ्या बायकांना मी "वेळ नाही मिळाला" असं सांगते. ते तसं खोटंही नाही.

मार्चच्या पहिल्या रविवारी नवघरच्या एका सोसायटीत आमचं शिबिर होतं. फॉर्म भरायला मी बसले होते. लाईन जिन्यापर्यंत गेलेली, पंखे नुसते आवाज करत होते.

"नाव?" मान वर न करताच मी विचारलं.

"काशीनाथ सकपाळ."

पेन तिथेच थांबलं. बावीस वर्षांनी ऐकलेला आवाज, पण आवाज काही म्हातारा होत नाही. वर बघितलं तर केस अर्धे गेलेले, चष्मा आलेला, बाकी तोच. हाच माणूस पूर्वी टायफॉइडच्या इंजेक्शनला घाबरून आमच्या गच्चीवर लपून बसला होता, आणि त्याला खाली आणायला त्याच्या आईला काठी घ्यावी लागली होती. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता, हे मुद्दाम सांगते.

"याआधी रक्त दिलंय कधी?" फॉर्मवरचा प्रश्न होता, विचारावाच लागतो.

"नाही."

"मग आज कुठून हे शौर्य?"

"इथे मालकांचं घर आहे. त्यांचा डबा पोचवायला आलो होतो. हॉलच्या दारातून तू दिसलीस."

असं सरळ बोलला. मागचे गुजराती काका म्हणाले, "बेन, जरा जल्दी करो ना, दुकान खोलना है." मी पुढचे प्रश्न भराभरा विचारले. हाटकेशला एका गाळ्यात सुपरवायझर आहे. बायको चार वर्षांपूर्वी गेली, शुगरनं. मुलगी संचिता शिकायला पुण्याला. फॉर्मवर यातलं काहीच लिहायचं नसतं, तरी मी विचारलं आणि त्यानंही सांगितलं.

सुई टोचली तेव्हा त्यानं डोळे घट्ट मिटले होते. नंतर मी त्याच्या हाताला पट्टी लावली, बिस्किटाचा पुडा हातात दिला आणि म्हटलं, "पाच मिनिटं पडून राहा. हिरोगिरी करत उठू नकोस."

"फोन कर कधीतरी," तो छताकडे बघत म्हणाला. "नंबर आहे फॉर्मवर."

"फॉर्मवरचे नंबर असल्या कामाला नसतात."

"बरं. मी वाट बघतो."

मी पुढच्या माणसाकडे वळले. नंबर मात्र एका नजरेत पाठ झाला. किराणा काय आणायचा ते मला चिठ्ठीशिवाय आठवत नाही, आणि हे दहा आकडे कसे बसले कोण जाणे. पुढचे अकरा दिवस मी रोज फोन हातात घ्यायचे, ठेवायचे आणि स्वतःला चार शिव्या द्यायचे.

आता मागचं सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाई उगाच वितळतेय.

लालबागची खोली विकून आम्ही भाईंदरला आलो तेव्हा समोरच्या दारात सकपाळ होते, मूळचे महाडकडचे. माझा धाकटा भाऊ यतीन सोळा वर्षांचा असताना टेम्पोखाली आला. पाय वाचला, पण रक्ताच्या दोन बाटल्या चढवाव्या लागल्या. एकोणनव्वद साल. 'सी' कावीळ तपासायची तेव्हा कुठेच सोय नव्हती, त्या विषाणूचं नावसुद्धा नुकतं पडलं होतं. कुणाची चूक म्हणावी तर चूकही नाही. मला तेच जास्त लागतं, भांडायला समोर माणूसच नाही. त्या दोन बाटल्यांपैकी एकीतून ते यतीनच्या अंगात शिरलं आणि बारा वर्षं गुपचूप बसून राहिलं. मग एक दिवस त्याचं पोट फुगायला लागलं. डॉक्टर म्हणाले, लिव्हर संपत आलंय.

आणि मग माणसं बदलली. आत्या आली की पाण्याची बाटली घरून आणायची. यतीनचं ताट, पेला वेगळा ठेवा, असं आईला चारचौघांत सांगायची. गल्लीतला न्हावी घरी येईना. हातात जोर नसल्यामुळे यतीनची दाढी वाढत चालली, आणि त्याला आरसा नकोसा झाला. तर एका रविवारी सकाळी काशीनाथ समोरच्या दारातून आला, आईकडून मगभर गरम पाणी मागून घेतलं आणि यतीनसमोर स्टूल ओढून बसला. इंजेक्शनला घाबरणारा हा माणूस, पण वस्तरा काय हलक्या हातानं चालवायचा. मग दर रविवार तसाच.

मी स्वयंपाकघराच्या दारात कणीक मळत उभी राहायचे. माझ्या आयुष्यातला शृंगार म्हणाल तर तेवढाच, दुसऱ्याची दाढी होताना बघणं. मग मी पोळ्या टाकायला आत वळायचे. पोळ्या झाल्या की तो त्याच खोलीत यतीनच्या ताटात जेवायचा, मुद्दाम, आत्या बसली असेल तर अजूनच मुद्दाम. त्याच्या कानापाशी साबणाचा ठिपका राहिलेला असायचा. मला तो पुसावासा वाटायचा. इतका वाटायचा की मी हात पाठीमागे धरून ठेवायचे. पुसला मात्र कधी नाही.

दोन वर्षं तो माझ्यासाठी थांबला. मग त्याची आई हटून बसली. मी त्याला जिन्यात गाठलं आणि म्हटलं, जा, लग्न कर. आमच्या घरचं दुखणं तुझ्या मागे कशाला? तू तरी सूट यातून. तो रागानं काही बोलला असता तर बरं झालं असतं. नुसता "बरं" म्हणाला. त्याचं लग्न झालं, ते लोक घर बदलून हाटकेशला गेले. त्यानंतर चार वर्षांनी यतीन गेला. आई-बाबाही एकामागे एक गेले. मी या कामाला लागले ते यतीनमुळेच, दुसऱ्या कुणाच्या घरात अशी बाटली जाऊ नये म्हणून. इतकी वर्षं मला एकाच गोष्टीचं समाधान होतं, की त्या माणसाला मी वेळेवर सोडवलं.

अकराव्या दिवशी दुपारी लॅबमधली सलोनी माझ्या टेबलाशी आली. पोरगी हुशार आहे, कामात चोख. शिबिरातली प्रत्येक पिशवी तपासल्याशिवाय फ्रीजच्या वेगळ्या कप्प्यातून हलत नाही, मग कितीही ओरड होऊ दे.

"मॅडम, नवघरवाली एक पिशवी. एचसीव्ही. दोनदा परत लावलं, दोन्ही वेळा तेच येतंय. पिशवी बाद केली."

एचसीव्ही म्हणजे तीच 'सी' कावीळ, यतीनची. चिठ्ठीवर नुसता नंबर असतो, नाव नसतं. नाव मला रजिस्टरमध्ये बघावं लागतं. मी बोट फिरवत त्या ओळीवर आले आणि बोट उचलताच येईना.

नेमकी तेव्हाच नीलम काउंटरवर आली होती. तिच्या आरोहीला थॅलेसेमिया आहे, नऊ वर्षांची पोर. दर तीन आठवड्यांनी तिला रक्त चढवावं लागतं, आणि नीलम बर्फाचा डबा घेऊन पिशवी न्यायला येते. ओ पॉझिटिव्ह. काशीनाथचाही ओ पॉझिटिव्ह. नीलम मला म्हणाली, "ताई, आरोहीला यंदा स्नेहसंमेलनात नाच मिळालाय." मी तिच्याकडे बघून हसले. ती गेल्यावर मी त्या ओळीवर परत बोट ठेवलं. एक तपासणी मध्ये उभी आहे, तेवढीच.

खरं म्हणजे पुढचा फोन मी करायलाच नको होता. ओळखीच्या माणसाशी दुसऱ्यानं बोलावं, हेही त्याच कागदावर माझ्याच अक्षरात लिहिलंय. मी सलोनीला सांगू शकत होते, डॉक्टरांना सांगू शकत होते. पण मी रिसीव्हर उचलला.

"हॅलो, काशीनाथ?"

"सुचेता," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम मोकळा झाला. "मला माहीत होतं तू करशील."

'आपण रक्तदान केलंत, त्याबद्दल' हे शब्द तोंडात तयार होते. रोज म्हणते मी ते, झोपेतसुद्धा म्हणेन. पण इतक्या आनंदानं माझं नाव कुणी घेतल्याला किती वर्षं झाली होती. मी ते शब्द गिळले.

"उद्या चारला येशील? ब्लड बँकेतच ये."

"येतो की. काम काय?"

"आलास की सांगते."

फोन ठेवला तर सलोनी बघत होती. "मॅडम, तुम्ही त्यांना कशासाठी ते सांगितलंच नाही."

"तुझं काम कर," मी म्हटलं. तिचा काही दोष नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी निळी साडी नेसले, इस्त्रीची. वाईट बातमी द्यायला कुणी इस्त्रीची साडी नेसतं का? आरशासमोर मला माझीच लाज वाटली, पण बदलली नाही.

चारला पाच कमी असताना तो आला. पांढरा शर्ट, घोटून केलेली दाढी, हनुवटीवर ताजा काप. हातात स्टीलचा डबा. बोटांची टोकं काळी पडलेली.

"ओले काजू आलेत बाजारात," तो म्हणाला. "काल आणले, बसून सोलले. तुझ्या आईसारखी उसळ झाली नसेल, पण खाऊन बघ. गरम आहे अजून."

ओले काजू सोलले की चीक लागून बोटं सोलवटतात, काळी होतात, आठ-आठ दिवस डाग जात नाही. आणि हे माझ्या एका फोनवर. मी खोलीचं दार लावलं. डबा आमच्या मध्ये टेबलावर, शेजारी माझा फॉर्म.

"बस," मी म्हटलं. "पाणी घे."

त्यानं पाणी घेतलं नाही. माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग फॉर्मकडे, मग परत माझ्याकडे. माणूस खुळा नाहीये तो.

मी सांगितलं. जसं सगळ्यांना सांगते तसंच, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. तुमच्या रक्तात हिपॅटायटिस सीची लागण दिसतेय. अजून एक पक्की तपासणी करावी लागेल. घाबरायचं कारण नाही. आता यावर औषध आहे, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, रोज गोळ्या, तीन महिने, आणि बहुतेक सगळे पूर्ण बरे होतात. यतीनला ते तीन महिने मिळाले असते तर.

"माझं रक्त कुणाला दिलं नाही ना?" त्याचा पहिला प्रश्न हा.

"नाही. त्यासाठीच तर आम्ही बसलोय इथे."

"मग ठीक," तो म्हणाला, आणि खरंच खांदे सैल सोडून बसला.

पुढे फॉर्म होता. लागण कुठून झाली असेल त्याचे प्रश्न. मी पेन घेतलं. कधी रक्त चढवलंय? नाही. ऑपरेशन? नाही. गोंदवून घेतलंय? नाही. "कधी दुसऱ्याचा वस्तरा, ब्लेड वापरलंय?"

त्याचा हात हनुवटीवरच्या कापाकडे गेला.

"यतीनचं," तो म्हणाला.

"काय?"

"रविवारी. त्याची दाढी झाली की त्याच पात्यानं मी माझी करायचो. त्याच्यासमोरच. तो नको नको म्हणायचा. मी म्हणायचो, गप बस, तुला काय सोनं लागलंय? तुझी आत्या ते पेले वेगळे करायची ना, तेव्हा त्याचं तोंड बघवायचं नाही मला. तू आत पोळ्या करत असायचीस."

कानापाशी साबणाचा ठिपका. दर रविवारी. मला वाटायचं यतीनच्या ब्रशचा उडालाय. अगं बाई, इतकं बघत होतीस आणि एवढं दिसलं नाही तुला. मी त्याला जिन्यात सांगितलं होतं, आमच्या घरचं दुखणं तुझ्या मागे कशाला. आणि तो ते तेव्हाच घेऊन निघाला होता. माझं एकुलतं एक समाधान त्या टेबलावर संपलं.

"काशीनाथ, तेव्हा आम्हाला डॉक्टरांनी सांगितलं होतं. ब्लेड वेगळं ठेवा म्हणून. मी तुला सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतंस तरी केलं असतं."

"त्यानंच झालं असं नक्की नाही," मी म्हटलं. "नक्की कधीच कळत नाही." हेही मी सगळ्यांना सांगते.

"असू दे त्याचंच," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाचं असण्यापेक्षा बरं."

मी फॉर्मवर लिहिलं: दुसऱ्याचा वस्तरा. अक्षर वेडंवाकडं आलं. मुलीला तपासून घ्यायला सांगितलं. आणि आता परत कधी रक्त देता येणार नाही, बरं झाल्यावरसुद्धा नाही, हेही सांगितलं. म्हणजे इथे यायचं तुला काही कारण उरलं नाही, हे मी मनात म्हटलं.

त्यानं चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. मग डब्याकडे बघत विचारलं, "कालचा फोन यासाठीच होता?"

खोटं बोलायला एक क्षण पुरला असता. पण त्या खुर्चीत बसलेल्या कुठल्याही माणसाशी मी आजवर खोटं बोललेले नाही.

"हो," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला. अगदी जिन्यात म्हणाला होता तसाच. उठला आणि डबा उचलला. "हे नेतो. आता माझ्या हातचं नको खायला."

"खाण्यानं नाही होत ते." किती वेळा बोलले असेन हे वाक्य, आत्याला, शेजाऱ्यांना, भिंतींना.

"मला माहितेय," तो म्हणाला. "तरी नको." आणि हळूच दार ओढून घेऊन गेला.

मी बसून राहिले. समोर फॉर्म होता, सही करायची होती. सलोनीनं दार उघडून बघितलं आणि परत लावलं. मग मी खिडकीशी गेले. खाली तो चष्म्याच्या दुकानापाशी उभा होता, डबा छातीशी धरून. रिक्षावाला काहीतरी विचारत होता, आणि याला ऐकूच येत नव्हतं. एक रिक्षा गेली, दुसरी आली. मला कळून चुकलं की तो दुसरीत बसला तर मी अजून बावीस वर्षं हात पाठीमागे धरून बसणार आहे, आणि बावीस काही माझ्याकडे आता नाहीत.

ऑफिसचा फोन मी घेतला नाही. पर्समधून माझा मोबाईल काढला. ते दहा आकडे दाबले.

त्यानं डबा काखेत मारला, खिसा चाचपला. नवा नंबर बघून कपाळाला आठ्या घातल्या. "हॅलो, कोण?"

"मी सुचेता."

"काही राहिलं का सांगायचं? अजून तपासणी?"

"नाही," मी म्हटलं. "काम काही नाहीये. असाच केलाय."

तो वर बघायला लागला, एकेक खिडकी शोधत. रिक्षावाला कंटाळून निघून गेला.

"तुझ्या कानापाशी साबण राहिलाय, काशीनाथ," मी म्हटलं. "आणि माझं जेवण व्हायचंय. वर ये."

साबण काही नव्हता. पण त्यानं कान पुसला नाही, तसाच जिना चढून वर आला.